चष्मा जातो, डोळा तोच राहतो

बंगळूर शहराच्या पूर्व टोकाला व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांना वसवण्यासाठी तेथील जमीन दिली, आणि या उपक्रमाचा ध्यास घेणाऱ्या डी. एस. व्हाइट यांचे नाव गावाला लाभले. कुटुंबांनी जमीन कसावी, फळझाडे लावावीत, कचेरीच्या चाकरीवर विसंबून राहू नये, अशी त्या वसाहतीमागची कल्पना होती. काळाचा विनोद असा की, चाकरीपासून दूर जाण्यासाठी वसलेले हे खेडे आज चाकरीचेच मोठे ठाणे झाले आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. मार्च २०२३ मध्ये मेट्रो रेल्वे पोहोचली. पुणे, सांगली, सोलापूर, नागपूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली मराठी मुलेमुली तेथील काचेच्या इमारतींत संगणकासमोर बसून दिवस काढतात. त्यांतील अनेकांच्या नाकावर चष्मा असतो, आणि ज्या रस्त्याने ती ये-जा करतात त्या रस्त्यावर चष्मा कायमचा उतरवून देण्याचे आश्वासन देणारे फलकही असतात.

समजा, अशांपैकी एक तरुण सांगलीकडचा आहे. वय सत्तावीस, नंबर उणे पाच. सातवीपासून लागलेल्या चष्म्याचा त्याला वीट आला आहे. पावसात काचा भिजतात, चहाच्या वाफेने धुरकटतात, सकाळी उशाशी चाचपडावे लागते. तो घरी दूरध्वनी करून लेझरची शस्त्रक्रिया करणार असल्याचे सांगतो. निवृत्त शिक्षक असलेले वडील क्षणभर थांबतात आणि विचारतात, "अरे, चष्म्यानं तुला नीट दिसतं ना?"

"दिसतं की, अण्णा. सगळं दिसतं."

"मग चांगल्या डोळ्याला हत्यार कशाला लावतोस?"

मुलाला हा प्रश्न जुन्या वळणाचा वाटतो. वास्तविक या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मोतीबिंदूने अंधारलेल्या माणसाला शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पण लेझर करवून घेणाऱ्याचा डोळा चष्म्याच्या साहाय्याने पूर्णपणे पाहू शकत असतो. येथे शस्त्रक्रिया गरजेपोटी नव्हे, तर इच्छेपोटी होते. इच्छा असणे हा अपराध नाही. मात्र शस्त्रक्रिया इच्छेची असेल तेव्हा ती करवून घेणाऱ्याने गरजवंतापेक्षा अधिक विचार केला पाहिजे.

प्रथम डोळ्याची रचना. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाश वाकवण्याची डोळ्याची जी एकंदर शक्ती आहे, तिच्या सुमारे दोन तृतीयांश शक्ती या एवढ्याशा पडद्यात असते. आतल्या भिंगाकडे उरलेले काम येते. निकटदृष्टिता असलेल्या माणसाचा डोळा बहुधा मागेपुढे लांबट वाढलेला असतो. साधारण डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब धरला, तर लांबीतील एका मिलिमीटरच्या वाढीने नंबर अडीच-तीनने वाढतो. प्रकाशकिरण दृष्टिपटलावर मिळण्याऐवजी अलीकडेच मिळतात आणि दूरचे अस्पष्ट दिसते. चष्म्याची काच किरणांना थोडे पसरवून तो संगम मागे नेते. लेझर तेच काम निराळ्या रीतीने करतो. पारपटलाच्या मध्यातून केसाहूनही पातळ थर काढून तो त्याची वक्रता कमी करतो. म्हणजे, चष्म्याची काच जणू पारपटलावरच घडवली जाते.

या विद्येचा पूर्वेतिहास रुग्णाने थोडा तरी जाणावा असा आहे. जपानमधील नेत्रवैद्य त्सुतोमू सातो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पारपटलावर बारीक छेद देऊन नंबर घालवण्याचे प्रयोग केले. छेद बाहेरून आणि आतूनही दिले जात. आरंभी परिणाम आशादायक होते. परंतु पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक नाजूक थर असतो, तोच पारपटलातील पाणी उपसून त्याला पारदर्शक ठेवतो आणि एकदा नष्ट झाला की पुन्हा वाढत नाही, हे त्या काळी नीट उमगलेले नव्हते. वर्षे उलटली, कधी वीस वर्षेही, आणि मग त्या शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांची पारपटले सुजून धूसर होऊ लागली. सातो यांचा हेतू शुद्ध होता; उणीव होती ती काळाच्या कसोटीची. डोळ्यावरील शस्त्रक्रियेचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या दृष्टीवरून पूर्ण होत नाही, हा धडा वैद्यकाने तेथे घेतला.

पुढचा अध्याय एका भारतीयाच्या नावाशी जोडलेला आहे. मद्रासमध्ये जन्मलेले आणि तेथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. एक्सायमर नावाच्या लेझरचे अतिनील किरण प्लॅस्टिकसारख्या पदार्थांवर कसा परिणाम करतात, याचा अभ्यास चालू होता. १९८१ च्या नोव्हेंबरात, सणाच्या जेवणातून उरलेले टर्कीचे मांस श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत नेले आणि त्यावर हे किरण सोडून पाहिले. कोरलेली खाच स्वच्छ होती. भोवतीचा भाग करपला नव्हता. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण ऊतीला जाळत बसत नाहीत. तिच्या रेणूंमधले बंध तोडून अतिसूक्ष्म थर उडवून देतात. एका स्पंदाने निघणारा थर मायक्रॉनच्या पाव भागाएवढा असतो. सॅम्युअल ब्लम आणि जेम्स वाइन हे त्यांचे सहकारी होते. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्या समवेत श्रीनिवासन यांनी पारपटलावरील प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. याच तरंगलांबीचा प्रकाश पुढे संगणकाच्या चकत्यांवर सूक्ष्म मंडले उमटवण्यासाठीही वापरात आला. व्हाइटफील्डचा तरुण ज्या यंत्राकडे दिवसभर पाहतो ते यंत्र आणि त्याचा चष्मा उतरवू पाहणारा किरण, अशी ही जवळची भावंडे होत.

आज प्रचारात तीन रीती आहेत. पहिली पीआरके. हिच्यात पारपटलावरील पातळ त्वचा दूर करून पृष्ठभागावर लेझर चालवतात. ती त्वचा पुन्हा यावयास चार-पाच दिवस लागतात. त्या काळात वेदना व चुरचुर होते आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे जातात. दुसरी लॅसिक. ग्रीसमधील इओआनिस पालिकारिस यांचे नाव तिच्या आरंभाशी जोडले जाते. हिच्यात पारपटलाची सुमारे १०० ते १२० मायक्रॉनची चकती एका कडेशी जोडलेली ठेवून पुस्तकाच्या पानासारखी उलटतात, खालच्या भागावर लेझर चालवतात आणि पान परत मिटतात. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्पष्ट दिसते, म्हणून ही रीत लोकप्रिय झाली. तिसरी स्माइल. हिच्यात पारपटलाच्या आतच लेझरने पातळ भिंगाकार तुकडा कोरून तो लहानशा छेदातून बाहेर काढतात. पान उलटावे लागत नाही. यांपैकी कोणतीही रीत सर्वांसाठी सर्वोत्तम नाही. पारपटल पातळ असल्यास कधी पहिली रीत बरी ठरते. ज्याला खेळात वा कामात डोळ्यावर मार लागण्याचा संभव आहे, त्याच्यासाठी लॅसिकचे पान धोक्याचे ठरू शकते, कारण ते पान मूळच्या बळकटीने पुन्हा कधीच जुळत नाही. नंबर फार मोठा असेल तर पारपटलाला हात न लावता डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचाही मार्ग आहे. तेव्हा यंत्राच्या नावावरून रुग्णालय निवडण्यापेक्षा, या डोळ्याला ही रीत का, असे डॉक्टरांना विचारणे अधिक शहाणपणाचे होय.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया भीतिदायक नसते. थेंब घालून डोळा बधिर करतात, पापणी चिमट्याने उघडी ठेवतात, एका दिव्याकडे पाहत राहावयास सांगतात. लेझरचे काम बहुधा मिनिटभराच्या आतच आटोपते. खरे काम त्या मिनिटाच्या आधी होते, आणि ते म्हणजे तपासणी.

तपासणीत मुख्यतः पारपटलाची जाडी व त्याचा नकाशा पाहतात. येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. एक नंबर घालवण्यासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. उणे पाच नंबराला ७५ मायक्रॉन धरले आणि लॅसिकच्या पानाचे ११० धरले, तर ५४० मधून खाली ३५५ उरतात. परंतु कोणाचे पारपटल ४८० मायक्रॉनचे आणि नंबर उणे आठ असेल, तर पानाचे ११० व लेझरचे १२० वजा जाता २५० च उरतात. पानाखाली निदान २५० मायक्रॉन राहिलेच पाहिजेत, ही जुनी मर्यादा आहे. पुष्कळ शल्यविशारद तीनशेच्या खाली जाण्यास नाखूश असतात. पारपटल फार पातळ झाले तर डोळ्याच्या आतील दाबाने ते हळूहळू पुढे फुगू लागते आणि दृष्टी अशी वेडीवाकडी होते की साधा चष्माही तिला सावरू शकत नाही. काही पारपटलांत हा दोष मुळातच सुप्त असतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. डोळे वारंवार चोळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध आहे, आणि आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. अशा डोळ्यावर लेझर चालवणे म्हणजे तडा गेलेल्या भिंतीतून विटा काढणे होय. हा सुप्त दोष नकाशावरच दिसतो, रुग्णाला जाणवत नाही. म्हणूनच नकाशा काढल्यावाचून तारीख ठरू नये.

तपासणीला जाताना काही पथ्ये आहेत. डोळ्यात घालावयाची भिंगे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतात. म्हणून मऊ भिंगे निदान एक-दोन आठवडे, आणि कडक भिंगे त्याहून अधिक काळ आधीपासून बंद ठेवावी लागतात. वय अठरा पूर्ण असावे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा. वाढत्या नंबरावर केलेला लेझर म्हणजे वाढत्या मुलाला अंगाबरोबर शिवलेला सदरा. गर्भारपणी व अंगावर पाजण्याच्या काळात नंबर बदलू शकतो, तेव्हा थांबावे. मधुमेह ताब्यात नसेल, सांधेदुखीसारखा प्रतिकारशक्तीचा विकार असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. व्हाइटफील्डसारख्या ठिकाणच्या रुग्णाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि वातानुकूलित हवेत डोळा कोरडा पडतो. लेझरने पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू कापले जातात व कोरडेपणा वाढतो. म्हणून आधीचा कोरडेपणा आधीच बरा करून घ्यावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर काय होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुतेक लोक समाधानी असतात, हे खरे आहे. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी दृष्टीविषयी समाधान व्यक्त केले. त्याच अभ्यासातील दुसरी बाजू अशी की, ज्यांना आधी दिव्याभोवती वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीच त्रास नव्हता, अशांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यांतला निदान एखादा त्रास जाणवला. आणि ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते त्यांच्यापैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवला. या दृष्टित्रासामुळे नित्याच्या व्यवहारात फार अडचण आली, असे लोक एक टक्क्याहून कमी होते. दोन्ही बाजू एकाच कागदावरच्या आहेत. फलकावर बहुधा एकच छापलेली असते. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात कमी होतो. थोड्यांचा रेंगाळतो, आणि फार थोड्यांना डोळ्यांची चिवट वेदना जडते. रात्री वाहन चालवणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याने वलयांचा विचार इतरांपेक्षा अधिक करावा. नंतरच्या दिवसांत डोळे चोळू नयेत, थेंब वेळच्या वेळी घालावेत, पोहणे व धूळ टाळावी. वेदना, लाली अथवा अंधुकपणा वाढत गेला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट. लेझरने चष्मा जातो. निकटदृष्टी डोळा मात्र जात नाही. पारपटलाची वक्रता बदलली तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते. उणे सहा नंबराचा डोळा सव्वीस मिलिमीटरचा असेल, तर चष्मा उतरल्यावरही तो सव्वीसचाच. लांबट डोळ्यात दृष्टिपटल ताणलेले व पातळ असते. त्याला भोक पडण्याचा वा ते सुटण्याचा जो संभव आधी होता, तो नंतरही तसाच राहतो. नंबर गेला म्हणून डोळ्याच्या वैद्याकडे जाणे बंद करणे, ही म्हणून मोठी चूक होय. एकाएकी प्रकाशाच्या ठिणग्या दिसल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी दृष्टिपटल तपासून घ्यावे.

तीच गोष्ट पुढच्या वयाची. चाळिशीनंतर आतल्या भिंगाची लवचिकता कमी होऊन वृद्धदृष्टिता येते आणि वाचनासाठी चष्मा लागतो. लेझर तिला थांबवीत नाही. उणे दोन नंबराचा कारकून पन्नाशीत चष्मा कपाळावर सरकवून टिपण सहज वाचू शकतो. त्याने लेझर केला असेल तर ही सवलत त्याने आपल्या हाताने सोडून दिलेली असते. पुढे काचबिंदूच्या तपासणीत पातळ पारपटलामुळे डोळ्याचा दाब खऱ्याहून कमी दाखवला जातो. मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती ठरवण्याची नेहमीची गणिते चुकतात. या दोन्ही प्रसंगी, डोळ्याला पूर्वी लेझर झाला आहे हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची जाडी व नकाशा हे कागद घराच्या खरेदीखताइतक्या काळजीने जपून ठेवावेत. तीस वर्षांनी त्यांची गरज पडेल, आणि तोवर ते रुग्णालय तेथे असेलच असे नाही.

व्यवहाराच्या दोन बाबी उरतात. आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी दृष्टिदोषाच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातून वगळता येतो. म्हणजे बहुतेकांना हा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. दुसरी बाब नोकरीची. सैन्यदलांच्या भरतीत शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर लोटलेला काळ, पारपटलाची उरलेली जाडी आणि डोळ्याची लांबी यांविषयी निकष असतात. रेल्वेत लोको पायलटसारख्या पदासाठी अशी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो. गणवेशाची नोकरी मिळावी म्हणून घाईने लेझर करून त्याच कारणाने नोकरी गमावण्याची पाळी कोणावर येऊ नये. नियम आधी वाचावेत, डोळा मागाहून दाखवावा.

सांगलीचा तरुण तपासणीला जातो. रजा काढलेली असते, मित्राला सोबत घेतलेले असते. डॉक्टर नकाशा दोनदा काढतात, डाव्या डोळ्याच्या खालच्या भागावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "येथील चढ मनासारखा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढू. तोवर डोळे चोळायचे नाहीत. बदल दिसला तर लेझर कधीच करायचा नाही." तरुण नाराज होऊन बाहेर पडतो. त्याच रस्त्यावर दुसरे रुग्णालय आहे. तेथे कदाचित होकार मिळेल, असेही त्याच्या मनात येते.

त्या क्षणी त्याने वडिलांचा प्रश्न आठवावा. त्याचा डोळा आजारी नाही. म्हणून त्याला घाई नाही. या शस्त्रक्रियेत होकार देणारे यंत्र पैशाने विकत मिळते. वेळेवर नकार देणारा डॉक्टर भेटणे ही मात्र भाग्याची गोष्ट आहे, आणि त्याच्या नकाराने त्या रुग्णाचा डोळा एखाद्या यशस्वी शस्त्रक्रियेइतकाच राखला जातो. सहा महिन्यांनी नकाशा तसाच निघाला तर सर्व गोष्टी समजून-उमजून त्याने खुशाल पुढे पाऊल टाकावे. तोवर चहाच्या वाफेने धुरकटलेली काच सदऱ्याच्या टोकाने पुसावी आणि कामाला लागावे. पुसलेल्या काचेतून त्याला सगळे दिसत असते.